अस्वलाचं रीळ

"अगो, ताट घे हातात, ताट! अस्वल जिना चढायला लागलं की वाजवायचंय, आणि तू भिंतीकडे काय बघत बसल्येस?"

भाऊ माझ्यावर ओरडले. म्हणजे ओरडल्यासारखं तोंड केलं. आवाज बाहेर आला तो फाटका, अर्धा वाराच. मी मुकाट्याने ताट उचललं. एरवी मी मुकाट्याने काही करणारी नव्हे, अख्ख्या आळीला ठाऊक आहे. पण त्या दुपारी तोंड उघडलं तर रडू फुटेल अशी धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही त्यांना मुंबईला नेणार होतो. घशातली गाठ चांगली नव्हती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. स्वरयंत्रच काढून टाकायचं होतं. "तोवर बोलू नका, घशाला विश्रांती द्या," असंही बजावलं होतं. भाऊंनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी आल्याआल्या प्रोजेक्टरवरची चादर काढली.

भाऊ म्हणजे माझे वडील, दिगंबर नागवेकर. आमच्या रत्नागिरीकडे पुष्कळ घरांत वडलांना भाऊच म्हणतात. ते मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. त्यांच्याबरोबरचे लोक परदेशातून घड्याळं आणायचे, अत्तरं आणायचे, बायकोला नायलॉनच्या साड्या आणायचे. आमच्या भाऊंच्या ट्रंकेतून निघायची रिळं! घरी भिंतीवर दाखवायच्या छोट्या, चिंचोळ्या फिल्मची रिळं. कुठल्या बंदरात मोडीत निघालेली, कुठल्या दुकानात कोपऱ्यात पडलेली. आईने सुरुवातीला कपाळाला हात लावला. मग एका खेपेला ते प्रोजेक्टरच घेऊन आले, आणि पुढे भाऊ सुटीवर आले की रविवारी दुपारी आमच्या माजघरात आळीतली झाडून सगळी पोरं जमायला लागली.

आता ती रिळं बोलायची कोणती भाषा? कोणी जर्मन, कोणी इटालियन. पोरांना काय डोंबल कळणार! तेव्हा भाऊंनी त्यांना मराठी बोलायला लावलं. त्या फिल्मच्या कडेला एक बारीक तपकिरी पट्टी असते. टेपरेकॉर्डरच्या फितीसारखीच ती. आवाज राहतो तो तिच्यावर. प्रोजेक्टरला माईक जोडायचा, चित्र चालू करायचं, त्याच्याबरोबर बोलत जायचं आणि लाल बटण दाबून धरायचं, की नवा आवाज पट्टीवर भरला जातो. मात्र नवा भरला की जुना पुसतो. कायमचा. पट्टी एकच, तिच्यावर दोन आवाज राहत नाहीत.

आमच्या घरात शेजारपाजारच्यांना धरून धरून भाऊंनी कितीतरी रिळं अशी भरली. पण एक रीळ कधीच भरलं नव्हतं, ते अस्वलाचं. एक अस्वल एका खाष्ट बाईच्या घरी भाडेकरू म्हणून येतं, एवढीच गोष्ट. त्यात अस्वल, बाई, पोलीस, पोस्टमन सगळे भाऊच. आणि दर खेपेला ते समोर उभे राहून नव्याने काहीतरी बोलायचे, पोरं हसून हसून गडबडा लोळायची. ते बोटीवर गेले की अस्वलही मुकं व्हायचं. आता तर कायमचंच मुकं होणार होतं. म्हणून ह्या माणसाला ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही, अस्वल भरायचं सुचलं.

आईला ते मुळीच पटलेलं नव्हतं. सकाळी चहाच्या वेळेलाच जुंपली होती.

"अहो, एवढं अस्वल भरताय, तर दोन शब्द स्वतःचेही भरा की. मी कोरी कॅसेट आणून ठेवल्येय."

"काय बोलू?"

"काहीही. जेवायला वाढ म्हणा."

"त्याला कॅसेट कशाला? मी पाटावर येऊन बसेन, तू वाढशील."

"थट्टा नको हो. उद्या ह्या हेमाचं लग्न होईल, पोरंबाळं होतील. आजोबांचा आवाज कसा होता म्हणून विचारतील, तर काय अस्वल ऐकवू त्यांना?"

"ऐकव की. घाबरून जेवतील तरी."

आई आत गेली आणि भांडी आपटायला लागली. मला इतका संताप आला त्यांचा! म्हटलं, "भाऊ, ती एवढं मागतेय, बोला ना." तेव्हा माझ्या आग्रहाखातर बसले टेपरेकॉर्डरसमोर. बटण दाबलं, खाकरले, "हॅलो, हॅलो," म्हणाले, आणि उठले.

"ह्याच्यात बघायला कोणी नाही गो," म्हणाले, "डब्याशी काय बोलायचं?"

तर अशी ती दुपार. माजघराची दारं-खिडक्या लावून काळोख केलेला. समोरच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणलेलं. प्रोजेक्टर चालू झाला की शिलाई मशीनसारखा खडखडतो आणि ती खडखड माईकमध्ये शिरते, म्हणून यंत्र आतल्या खोलीत ठेवून मधल्या खिडकीच्या काचेतून चित्र टाकायचं, ही भाऊंचीच युक्ती. यंत्रावर कायम आई. कानाला हेडफोन लावायचा (लाल बटण न दाबताही माईकवरचं बोलणं त्यात ऐकू येतं), आवाजाच्या काट्यावर डोळा ठेवायचा, काटा लाल रेघेपलीकडे जायला लागला की आवाजाची खुंटी मागे फिरवायची, हे सगळं तिने शिकून घेतलं होतं, आणि तिच्याइतकं नीट ते भाऊंनाही जमत नसे. इकडे भाऊ माईक घेऊन धोतरासमोर, खिडकीकडे पाठ करून. त्यांच्या पायाशी मी, ताट, करवंट्या आणि एक कुरकुरणारी बिजागरी घेऊन. अस्वलाची पावलं, पोस्टमनची सायकल, दार, सगळं मीच.

पहिल्या खेपेला अस्वल दारात पोचायच्या आत दिवे पिवळे झाले. व्होल्टेज पडलं की यंत्र सुस्तावतं आणि तेव्हा भरलेला आवाज नंतर चिरका येतो. आईने आतून काचेवर टकटक केलं. थांबलो. भाऊ भिंतीला टेकून बसले, घोट घोट पाणी प्यायले. गिळताना त्यांचा चेहरा कसा होत होता ते मी बघितलं आणि दुसरीकडे पाहिलं.

वीज सावरल्यावर दुसरी खेप. काय सांगू! सुरुवातीला मला वाटलं, हा माणूस चार वाक्यंसुद्धा पुरी करायचा नाही. पण चित्र सुरू झालं आणि कुठून आला कोण जाणे, तो अस्वलाचा भरदार आवाज आला. मालकिणीची किरकीर आली, पोलिसाचा बद्द आवाज आला. अस्वल भाड्यापोटी मधाचं मडकं पुढे करतं आणि मालकीण म्हणते, "मेल्या, बोटं घातलीस ना ह्यात?" तिथे मला हसू आवरेना. ताट तोंडावर धरून बसले. काचेमागे लाल दिवा लागलेला दिसत होता, म्हणजे सगळं पट्टीवर जात होतं. माझा जीव नुसता वरखाली होत होता, की देवा, एवढं निभू दे.

अगदी शेवटाला, मालकीण अस्वलाला चुलीपाशी बसवते तिथे, त्यांना खोकला आला. साधासुधा नव्हे. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकले, माईक खाली पडला, रीळ संपून पांढरा उजेड धोतरावर आला तरी खोकतच होते. मी पाठ चोळत राहिले. रुमालावर लाल डाग दिसला तो त्यांनी मुठीत धरला.

आई धावत बाहेर आली. "झालं. पुष्कळ झालं. चांगलं आलंय."

"शेवट गेला," भाऊ म्हणाले. आवाज आता खरवडल्यासारखा येत होता.

"अस्वलाला सर्दी झाली म्हणतील पोरं. हसतील आणखी."

"नाही. पुन्हा लाव."

"अहो, पुन्हा भरलं की हे पुसेल. आता असा आवाज लागणार आहे का तुमचा? ह्याचं तुम्हाला काही वाटत नाही?"

"पुन्हा लाव म्हटलं ना!"

मी म्हटलं, "भाऊ, ऐका तिचं. कशाला हट्ट करताय?"

"हे माझं शेवटचं आहे," ते म्हणाले, "खोकून नाही संपवायचं मला."

आई त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता वाजणार कडाक्याचं. पण ती एकदम नरमली.

"बरं. लावते," म्हणाली आणि आत गेली.

इतकी लवकर ऐकणारी माझी आई नव्हे, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. रीळ उलटं गुंडाळल्याचा आवाज आला. मग चित्र सुरू झालं. भाऊंनी माईक तोंडाशी धरला. मी ताट उचललं आणि सवयीने काचेकडे पाहिलं. लाल दिवा लागलेला नव्हता.

आधी वाटलं, विसरली. मग काचेमागे तिचा चेहरा दिसला. तिने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आणि मी काय ते समजले. आधीचा चांगला आवाज पुसायचा नाही, म्हणून ही बाई नुसतंच चित्र दाखवत होती. त्यांचं समाधान होईल, आणि रिळावर राहील ते मघाचं. माझी आई अशी हुशार! मला तर हायसं वाटलं. मी ताट वाजवत राहिले.

भाऊंचा आवाज आता पार बसला होता. अस्वल म्हाताऱ्यासारखं बोलत होतं, मालकिणीची किरकीर मधेच विरत होती. बटण दाबलं नाही ते किती बरं झालं, असं मी मनात म्हणत होते. मग तो प्रसंग आला, मालकीण अस्वलाला बाहेर काढते आणि ते बर्फात बंद दारासमोर पायरीवर बसून राहतं. तिथे चित्रात बराच वेळ काही घडत नाही. एरवी भाऊ तिथे अस्वलाला मनाशी बडबडायला लावायचे, आज जेवायला काय असेल नि काय नाही. त्या खेपेला ते गप्प झाले. मला वाटलं, दम लागला.

"कुमुद," ते म्हणाले.

मला कळेचना हे कोणाशी बोलतायत. कुमुद माझ्या आईचं नाव, पण ते त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्याकडे तेव्हा नवरे बायकोला नावाने हाक मारत नसत. भाऊ "अगो" म्हणायचे, फार तर "हेमाची आई". आणि आवाज त्यांचा स्वतःचा होता. बसलेला, खरखरीत, पण त्यांचाच.

"कुमुद, हे तुझ्यासाठी आहे. त्या कॅसेटवर नाही जमलं गो मला. अस्वल बसलंय तोवर बोलून घेतो. मला भीती वाटत्येय. बोटीवर वादळात सापडायचो तेव्हासुद्धा अशी वाटली नव्हती. पत्रात मजेत आहे म्हणून लिहायचो ना, तेवढं काही मजेत नसायचं. ऑपरेशनला नेतील तेव्हा तू ये दारापर्यंत. हेमा नको, ती रडेल. तू ये. आत नेईपर्यंत थांब."

ते धोतरावरच्या अस्वलाकडेच बघत होते. मान जरासुद्धा वळवली नाही. मी मात्र वेड्यासारखी आईला खुणा करत होते. दाब! बटण दाब! अंगठा दाबून दाखवला, हात जोडले, ताट हातातून सुटता सुटता वाचलं. तिने माझ्याकडे पाहिलं. बटणाकडे पाहिलं, ते तिच्या बोटाखालीच होतं. मग तिने हात तिथून उचलला आणि दोन्ही तळव्यांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले. डोळे मिटून घेतले.

"आता हाक मारता यायची नाही," भाऊ म्हणाले. "चारचौघांत कधी मारली नाही, लाज वाटायची. आता मारून ठेवतो. कुमुद. कुमुद. ए कुमुद."

तेवढ्यात चित्रातलं दार उघडलं आणि भाऊ मालकिणीच्या आवाजात, होता नव्हता तेवढा जोर लावून किंचाळले, "मेल्या, पाय पूस आधी!"

मी बिजागरी वाजवायला विसरले.

रीळ संपलं. खोकला आला नाही. भाऊ काचेकडे वळले तेव्हा आई यंत्राचे दिवे मालवत होती. त्यांनी हातानेच विचारलं, आलं का नीट?

"आलं," आई म्हणाली. "सगळं आलं."

"लाव बघू."

"आता नाही. आता एक शब्द बोलायचा नाही तुम्ही. परत आलात की ऐकू."

स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. अंगाचा नुसता भडका उडाला होता माझ्या. "काय केलंस हे? तुलाच हवं होतं ना? सकाळपासून त्यांच्या मागे लागली होतीस ना? बोटाखाली बटण होतं तुझ्या!"

"हळू बोल."

"मग सांग त्यांना. पुन्हा बोलतील."

"ते असं सांगून बोलण्यातलं आहे का गो?" ती प्रवासासाठी दशम्या बांधत होती, आणि फडक्याची गाठ काही तिला बसत नव्हती. "त्यांना कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला."

मुंबईला ती दारापर्यंत गेली. मी बाकावर बसून राहिले. त्या दोघांचं काही बोलणं चाललेलं नव्हतं, नुसता हात धरलेला होता, असं बरोबर आलेल्या मावशीने नंतर सांगितलं. मी तिकडे पाहिलंच नाही.

भाऊ वाचले. गळ्यावर रुमाल बांधून घरी आले आणि अंगात जरा ताकद आल्यावर त्यांनी पहिली खूण केली ती प्रोजेक्टरकडे. रविवारी पोरं जमली. पोरांना आवाजाचं काय झालं ते ठाऊक होतं, त्यामुळे सगळी शहाण्यासारखी गप्प बसली होती. आईने रीळ लावलं. अस्वल बोलायला लागलं, तो भरदार आवाज घरभर झाला, आणि बघता बघता पोरं सगळं विसरून खिदळायला लागली. भाऊ खुर्चीत बसून पोरांकडे बघत होते.

माझं लक्ष मात्र पुढे लागलेलं. अस्वल बाहेर पडलं. बर्फात पायरीवर बसलं. भाऊ खुर्चीत सावरून बसले आणि त्यांनी पोरांवरची नजर काढून खाली घातली. लाजले होते ते. आता सगळ्यांसमोर ते नाव ऐकू येणार होतं.

"आज मेली कुळथाची पिठी असेल," अस्वल म्हणालं. "परवा पण तीच होती."

पोरांनी हसून घर डोक्यावर घेतलं. भाऊंनी मान वर केली. हळूच वळून काचेमागे बघितलं, आणि अंगठ्याने बटण दाबल्यासारखं करून भुवया उंचावल्या. आईने नकारार्थी मान हलवली. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल. मी असते तर रीळच भिरकावलं असतं. भाऊ बघत राहिले, बघत राहिले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की काय, ते त्यांना आवाज नसल्यामुळे मला कळलं नाही.

पोरं गेल्यावर आई बाहेर आली. त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "पोरांचं अस्वल पोरांना राहू दे. माझं मी ऐकलंय." भाऊंनी मान डोलावली. पुढे कधी तो विषय निघाला नाही. त्यानंतर ते बरीच वर्षं होते. आईला बोलवायचं तर टाळी वाजवायचे, आणि ती असेल तिथून "आले, आले" म्हणून यायची. मला वाटायचं, कमाल आहे बाईची. ऐकलं आणि पुरलं हिला.

भाऊ गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. मी माहेरी आले होते. आम्ही दोघी मागल्या पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत होतो, आणि इतकी वर्षं जिभेवर असलेलं एकदाचं बाहेर पडलं.

"आई, बटण दाबायला हवं होतं असं कधी वाटतं का गो तुला?"

"रोज वाटतं," ती म्हणाली.

सोलणं थांबलं नव्हतं तिचं.

"तेव्हा वाटलं, काट्यावर लक्ष ठेवायला गेले तर ऐकायचं राहील. तेवढं एक तरी धड ऐकू दे. वाटलं, माझ्या कानातून कुठे जातंय ते." तिने आठळी टोपात टाकली. "शब्द आहेत. आवाज गेला, हेमा. केव्हा गेला तेसुद्धा कळलं नाही. आता आठवायला जाते तर मेलं ते अस्वलच बोलतं."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू होतीस ना तिथे? तू ऐकलंस ना?" ती म्हणाली. "मग म्हण बघू. कसे म्हणाले होते?"

"काय म्हणू?"

"ते शेवटचं. हाक मारली ते."

आईला नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभ वळेना. दोनदा तोंड उघडून मिटलं. शेवटी पडवीपलीकडच्या माडाकडे बघत, जमेल तितका घसा खाली नेऊन मी म्हटलं, "कुमुद. कुमुद. ए कुमुद."

तिने डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली.

"असं नाही. 'ए' म्हणायच्या आधी जरा थांबले होते ते," आई म्हणाली. "पुन्हा म्हण."